गॅस की हृदय? पोटाच्या तक्रारी आणि हृदयविकार: सविस्तर मार्गदर्शक

रात्रीचं जेवण होऊन तास झाला आहे. छातीच्या मधोमध जड वाटतंय, ढेकर येतोय पण पुरता सुटत नाही, तळहाताला घाम आहे. घरातलं कुणीतरी म्हणतं, "गॅस झालाय, ओवा चाव आणि जरा शतपावली घाल." बहुतेक वेळा तो गॅसच असतो, आणि अडचण नेमकी तीच आहे. वीस वेळा ओव्याने बरं वाटलेल्या माणसाला एकविसाव्या वेळी शंका येत नाही.

हा घोळ अडाणीपणातून होत नाही, तो शरीराच्या रचनेतच आहे. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला चिकटून मागून खाली उतरते. हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली असते आणि त्या पडद्याच्या लगेच खाली जठर. दोन्हीकडच्या वेदना मज्जारज्जूत जवळपास त्याच ठिकाणी पोचतात, त्यामुळे कळ नक्की कुठून आली हे मेंदूला सांगता येत नाही. खालच्या भिंतीच्या झटक्यात मळमळ, उलटी आणि बेंबीच्या वरचं दुखणं हीच मुख्य तक्रार असू शकते. छातीत दुखणं नावालाही नसतं.

आधी दुखत असताना काय करायचं ते पाहू. मग औषधांचा डबा, आणि शेवटी ताट आणि संडास.

दुखत असताना: घड्याळ बघा

अ‍ॅसिडिटीचं दुखणं जळजळीचं असतं. ते खालून घशाकडे चढतं, तोंडात आंबट-कडू पाणी येतं, वाकल्यावर किंवा आडवं पडल्यावर वाढतं. हृदयाचं दुखणं बहुधा 'दुखणं' वाटतच नाही. दाब, आवळल्यासारखं, छातीवर कुणी बसल्यासारखं, अशी वर्णनं येतात. माणूस एक बोट ठेवून जागा दाखवत नाही, तो अख्खा पंजा किंवा मूठ छातीवर ठेवतो. जबडा, खांदे, पाठ, एक किंवा दोन्ही हात इकडे कळ जाते. दरदरून घाम, धाप, जीव घाबरा होणं सोबत असतं. जिना चढताना येऊन थांबल्यावर जाणारं 'अपचन' हे अपचन नव्हे.

मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांच्यात ही ठळक चित्रं पुसट होतात. नुसता थकवा, मळमळ, पोटात कसंसं, एवढंच असतं. वयावरही विसंबू नका. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका मध्यमान ५३ व्या वर्षी आल्याचं दिसलं, इतरांत हेच वय सुमारे ५९ होतं.

घरी केल्या जाणाऱ्या तीन 'चाचण्या' फसव्या आहेत. ढेकर आल्यावर बरं वाटलं, म्हणून गॅस: हृदयाच्या झटक्यातही ढेकर येतात आणि कळ मध्ये मध्ये ओसरते. अँटासिडने थांबलं, म्हणून अ‍ॅसिडिटी: काही वेळा हृदयाचं दुखणंही त्याच सुमारास योगायोगाने थांबतं. जिभेखाली ठेवायच्या, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या सॉर्बिट्रेटच्या गोळीने थांबलं, म्हणून हृदय: तेही खात्रीचं नाही, कारण ती गोळी अन्ननलिकेचा पेटकाही सोडवते.

म्हणून लक्षणांवर वाद घालत बसू नका. वर सांगितलेल्यापैकी काही असेल आणि विश्रांतीत १० ते १५ मिनिटांत गेलं नाही, तर क्रम असा:

१. माणसाला बसवा किंवा टेकवून ठेवा. शतपावली, जिना, संडासला जाऊन जोर करणं, सगळं बंद.

२. १०८ ला फोन करा. रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही. दुचाकीवर मागे बसवूनही नेऊ नका.

३. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, अलीकडे रक्तस्राव झालेला नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. घरात ७५ च्या गोळ्या असतील तर चार. चावणं महत्त्वाचं, कारण बऱ्याच गोळ्यांवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं आणि अख्खी गिळली तर तासन्‌तास परिणाम होत नाही. फोनवरचे डॉक्टर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका.

४. शेजाऱ्यांची सॉर्बिट्रेट देऊ नका. खालच्या भिंतीच्या झटक्यात उजवा कप्पाही सापडलेला असेल तर तिने रक्तदाब एकदम कोसळतो. लैंगिक शक्तीच्या गोळ्या घेतल्या असतील तरही तेच.

५. शक्यतो अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. पोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. पहिला ईसीजी सरळ आला म्हणजे सुटका नाही. तो पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढणारं प्रथिन) काही तासांच्या अंतराने दोनदा बघतात.

आजच करून ठेवण्यासारखं एक काम आहे. जुना ईसीजी असेल तर त्याचा स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आजचा बदल नवा की जुनाच, हे तिथल्या डॉक्टरला त्यावरून लगेच कळतं. आणि दुखणं दोन-तीन आठवडे येऊन-जाऊन असेल तर आधी हृदयाची तपासणी, मग एंडोस्कोपी. उलटा क्रम लावून 'जठराला सूज आहे' असा अहवाल हातात आला की पुढचे सहा महिने हृदयाकडे कुणी बघत नाही. जठराला थोडी सूज तर अनेकांना असतेच.

पोटाच्या रूपात येणारे हृदयाचे आणखी दोन आजार

हृदयाचा पंप दुबळा झाला की रक्त मागे तुंबतं, यकृत आणि आतडी सुजतात. रुग्ण सांगतो: दोन घास खाल्ले की पोट गच्च, उजव्या बरगडीखाली ओढ, भूक मेली, पँटचा पट्टा घट्ट. पाचक चूर्ण सुरू होतं. इथे वजनकाटा उपयोगी पडतो. रोज सकाळी लघवी करून, न्याहारीआधी, साधारण त्याच कपड्यांत वजन करा. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. पायाच्या नडगीवर अंगठा ५ सेकंद दाबा. खळगा राहिला, किंवा चपलेचा पट्टा वाकून लावताना धाप लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

दुसरा आजार आतड्याच्या रक्तवाहिन्यांचा. हृदयाच्या धमन्या ज्या रोगाने चोंदतात त्यानेच आतड्याच्याही चोंदतात. जेवणानंतर १५ मिनिटांपासून तासाभरात पोटात कळ येते, माणूस जेवायला घाबरतो, वजन उतरतं. धूम्रपान करणारा आणि वजन घटलेला असा रुग्ण वर्षभर अल्सरच्या गोळ्या खात राहतो. ठोके अनियमित पडण्याचा आजार असलेल्याला अचानक पोटात असह्य दुखू लागलं आणि हात लावल्यावर पोट मात्र मऊच लागलं, तर रक्ताची गुठळी आतड्याच्या धमनीत अडकलेली असू शकते. तिथे तासांचा हिशेब असतो. सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

औषधांचा डबा

पोट आणि हृदय सर्वांत जास्त एकमेकांच्या वाटेत येतात ते इथे. डबा टेबलावर रिकामा करा आणि प्रत्येक पाकिटावरचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचा. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव इथे कामाचं नाही.

*स्टेंटनंतरची जोडी.* स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवल्यावर दिलं जाणारं, रक्ताची गुठळी होऊ न देणारं क्लोपिडोग्रेल यकृतातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) सक्रिय होतं. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल ही अ‍ॅसिड कमी करणारी औषधं तेच विकर अडवतात. या जोडीने प्रत्यक्षात झटके वाढतात का, यावर अभ्यासांचं एकमत नाही, पण पर्याय सोपा असताना धोका का घ्यायचा? त्याच जातीचं पँटोप्राझोल हा अडथळा फारच कमी आणतं. पाकिटावर क्लोपिडोग्रेल आणि ओमेप्राझोल एकत्र दिसलं तर डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. पोटाची गोळी सरळ बंद करणं मात्र चूक. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असलेल्या वयस्कर माणसाला तिचाच आधार असतो.

*'डी' लावलेली अ‍ॅसिडिटीची गोळी.* आपल्याकडे पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलबरोबर डोम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल लोक महिनोन्‌महिने खातात. डोम्पेरिडोन हृदयाच्या विद्युतचक्रातला एक टप्पा लांबवतं, क्वचित त्यातून जीवघेणी लय सुरू होते. म्हणूनच युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये ते मळमळ-उलटीपुरतं, १० मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि साधारण आठवडाभरच, असं बांधून दिलं. ज्यांचा पंप दुबळा आहे त्यांना नाहीच. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सोबत असेल तर धोका आणखी वाढतो. नुसत्या जळजळीसाठी साधं पँटोप्राझोल पुरतं. या जातीचं आधीचं औषध सिसाप्राइड याच कारणाने बाजारातून गेलं होतं.

*फ्रूट सॉल्टची पुडी.* ५ ग्रॅमच्या फसफसणाऱ्या पुडीत साधारण ८०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम. रोज दोन पुड्या घेणारा माणूस भाजीत मीठ कमी घालून काय मिळवणार? लवणभास्कर चूर्ण, जलजीरा, काळं मीठ टाकलेलं ताक हेही त्याच हिशेबात धरा. सैंधव आणि काळं मीठ 'चालतं' हा समज खोटा आहे, दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

*ज्येष्ठमध आणि सोनामुखी.* ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. सोनामुखीचा रोजचा रेच पोटॅशियम घालवतोच. वर लघवीची गोळी चालू असेल तर दोन्हीकडून घट होते आणि ठोके बिघडतात. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनी तर या दोन्हींकडे वळूच नये.

*वेदनाशामक.* गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक रोज घेणं म्हणजे पोटात अल्सर, अंगात पाणी आणि झटक्याचा वाढीव धोका असं तिहेरी देणं. हृदयरोग्याने पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं मलम यावर भागवावं.

*काळी शी.* अ‍ॅस्पिरिन चालू असताना शी डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची झाली तर वरच्या आतड्यात रक्तस्राव आहे असं धरा आणि रुग्णालयात जा. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण ती घट्ट, हिरवट काळी असते. स्टेंट बसवलेल्याने अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःहून एक दिवसही थांबवायचं नाही. नवा स्टेंट असा बंद पडला तर मोठा झटका येतो. थांबवायचं की नाही हे हृदयाचे आणि पोटाचे डॉक्टर मिळून ठरवतात. पूर्वी अल्सर झालेला असेल तर एच. पायलोरी जिवाणूची तपासणी करून घ्या, शीची किंवा श्वासाची. त्याआधी अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर निकाल खोटा चांगला येतो.

*गोळीची वेळ.* पँटोप्राझोल जळजळ झाल्यावर घ्यायचं औषध नाही. रिकाम्या पोटी घ्या, न्याहारीच्या अर्धा तास आधी. जेवणानंतर घेतली तर परिणाम कमी पडू शकतो. वर्षानुवर्षं चालू असेल तर वर्षातून एकदा बी-१२ आणि मॅग्नेशियम बघा. मॅग्नेशियम उतरलं की ठोके चुकतात. बंद करायची असेल तर एकदम नको, एकाआड एक दिवस करत काही आठवड्यांत. एकदम सोडल्यावर उसळून येणारं अ‍ॅसिड बघून 'मला ही गोळी आयुष्यभर लागणार' असं लोक ठरवून टाकतात.

रात्र

जेवण आणि झोप यांत ३ तास. पलंगाचे डोक्याकडचे दोन पाय विटांनी किंवा लाकडी ठोकळ्यांनी १५ ते २० सेंटिमीटर उचला. उशीवर उशी रचू नका, त्याने मान वाकते, पोट दुमडतं आणि अ‍ॅसिड उलट वर ढकललं जातं. डाव्या कुशीवर झोपल्याने बऱ्याच जणांची जळजळ कमी होते. मात्र आडवं पडल्यावर धाप लागत असेल आणि उठून बसल्यावर बरं वाटत असेल, तर तो विटांचा विषय नाही. ते हृदयाचं लक्षण आहे.

अँजायनाच्या (श्रमाने छाती आवळणाऱ्या हृदयविकाराच्या) रुग्णाने भरपेट जेवणानंतर लगेच भरभर चालायला जाऊ नये. रक्ताचा मोठा वाटा त्या वेळी आतड्यांकडे वळलेला असतो आणि हृदयावर दुहेरी भार येतो. तास-दीड तास जाऊ द्या.

ताट: तंतूंचा हिशेब

आतडं हृदयाचं भलं करतं ते मुख्यतः तंतूंच्या वाटेने, आणि ती वाट सरळ आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं. ते पित्त पचनाचं काम करून लहान आतड्याच्या शेवटी जवळपास ९५ टक्के परत शोषलं जातं. विरघळणारे तंतू पित्ताला जेलीत धरून बाहेर नेतात. तूट भरून काढायला यकृत रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उचलतं. उरलेल्या तंतूंवर मोठ्या आतड्यातले जिवाणू जगतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या आतल्या अस्तराचं ते मुख्य इंधन.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगते. एक दिवस मांडून बघू: ज्वारीच्या दोन भाकऱ्या, म्हणजे १०० ग्रॅम पीठ, सुमारे १० ग्रॅम. कच्च्या ३० ग्रॅम मटकीची उसळ, ४ ते ५. वाटीभर वरण, २. भेंडी किंवा गवार १०० ग्रॅम, ४. एक पेरू, ८. कोशिंबीर, २. झाले ३०, आणि बाजारातून काहीही 'हेल्दी' आणलं नाही. आता दुसरा दिवस: सकाळी पोहे, दुपारी पांढरा भात आणि पातळ आमटी, संध्याकाळी वडापाव, रात्री पुन्हा भात. पोट भरतं, पण तंतू १०-१२ च्या पुढे जात नाहीत. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीतला साबुदाणा यात जवळपास शून्य भर घालतो. जे काही तंतू येतात ते दाण्याच्या कुटातून.

चूक होते ती घाईत. सोमवारी ठरवलं आणि मंगळवारपासून दोन्ही वेळा उसळ, तर शुक्रवारी पोट नगारा होतं, छातीत दाटतं, आणि माणूस पुन्हा फ्रूट सॉल्टकडे वळतो. आठवड्याला ५ ग्रॅम वाढवा. मटकी ८ ते १० तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि मोड येऊ द्या. गॅस करणाऱ्या शर्करा त्यात बऱ्याच कमी होतात. फोडणीत हिंग, ओवा, आलं आपण घालतोच. रक्त पातळ करणारी अ‍ॅसिनोकुमारोल किंवा वॉरफेरिन चालू असेल तर पालेभाजी सोडू नका, पण तिचं प्रमाण रोज सारखं ठेवा. आठवडाभर काहीच नाही आणि रविवारी पालकाची जुडी, याने आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं त्याचं माप) हलतो. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी डाळी-फळं वाढवण्याआधी पोटॅशियम तपासून घ्यावं.

मांस आणि अंड्यांबद्दल नेहमी विचारलं जातं. २०११ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने दाखवलं की अंडी-मांसातल्या कोलीनसारख्या घटकांपासून आतड्यातले जिवाणू एक वायू बनवतात आणि यकृत त्याचं टीएमएओ नावाचं संयुग करतं. २०१३ च्या त्यांच्या सुमारे ४,००० रुग्णांच्या अभ्यासात टीएमएओ सर्वांत जास्त असलेल्यांत झटका, पक्षाघात आणि मृत्यू मिळून सुमारे अडीच पट आढळले. हे ऐकून कुणी अंडं सोडतं. पण समुद्राच्या मासळीत टीएमएओ मुळातच भरपूर असतं, आणि मासे खाणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसत नाही. शिवाय मूत्रपिंड मंदावलं की ते रक्तात साचतंच. म्हणून आमचं मत: बांगडा तव्यावर थोड्या तेलात खुशाल खा, मटण महिन्यातून एखाद-दोनदा ठेवा, आणि टीएमएओच्या महागड्या तपासणीवर पैसे घालू नका. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलने झटका टळतो असाही पुरावा नाही. घरचं ताक, मीठ न घालता, पुरे.

संडास आणि इसबगोल

कुंथताना श्वास रोखला जातो, छातीतला दाब वाढतो, रक्तदाब आधी चढतो, मग पडतो आणि सोडल्यावर पुन्हा उसळतो. दुबळ्या हृदयाला ही उलथापालथ झेपत नाही, संडासात चक्कर येऊन पडण्याचं हे एक कारण आहे. कमोड असेल तर पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचा पाट घ्या, गुडघे कंबरेच्या वर आले पाहिजेत. १० मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. व्हेरापामिल (रक्तदाब-अँजायनाचं औषध), लोह, लघवीच्या गोळ्या यांनीही मलावरोध होतो, तेव्हा दोष पोटावर टाकण्याआधी डबा पुन्हा बघा.

इसबगोलची भुशी ही दोन्ही कामं करते, शी मऊ करते आणि एलडीएलही उतरवते. पद्धत अशी: सुरुवात अर्ध्या मोठ्या चमच्याने. आठवड्याने एक सपाट मोठा चमचा, सुमारे ५ ग्रॅम. पुढे झेपलं तर दिवसातून दोनदा. २५० मिली पाण्यात टाकून ढवळा आणि लगेच प्या. दोन-तीन मिनिटं ठेवलं की पेल्यात लापशी होते आणि चमचा उभा राहतो. हीच लापशी कमी पाण्यात गिळली तर अन्ननलिकेत अडकते. वर अर्धा पेला पाणी हवंच. कोरडी भुशी तोंडात टाकायची नाही, आणि झोपायच्या तोंडावर घ्यायची नाही. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ती गोळ्याही जेलीत धरते. गिळायला त्रास असेल, आतड्यात अडथळा असेल, किंवा पंप दुबळा म्हणून पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर इसबगोल नको. लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल या दुसऱ्या रेचकांबद्दल विचारा.

रोज १० ग्रॅम भुशीने एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं. स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा) डोस दुप्पट केल्यावर मिळणारी जादा उतार ६ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे हा फायदा लहान नाही. पण तो स्टॅटिनच्या जोडीला आहे, बदली नाही. सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल करून ठेवा आणि रोज न चुकता ८ आठवडे घेतल्यावर त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करा. फरक ५ टक्क्यांच्याही खाली असेल तर आधी एवढंच तपासा: भुशी खरंच रोज पोटात गेली का, की डबा महिनाभर फडताळातच होता.